फाइल कोठे संपते: मुंबईच्या उपनगरांतील सी भाषेचा एक इतिहास

संगणकाची प्रोग्रामिंग भाषा आणि ती भाषा यंत्रावर प्रत्यक्ष चालविणारे साधन या दोन वेगळ्या गोष्टी होत. भाषा म्हणजे नियमांचा दस्तऐवज, तर कंपायलर म्हणजे त्या नियमांनुसार लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल अशा सूचनांत उतरवून देणारा प्रोग्राम. एकाच भाषेचे कंपायलर अनेक कंपन्यांनी निरनिराळ्या यंत्रांसाठी, निरनिराळ्या काळी तयार केलेले असल्यामुळे, नियमांनी जेथे मौन पाळले तेथे प्रत्येकाने आपापली सोय पाहिली. बेरीज-वजाबाकीत हा फरक सहसा जाणवत नाही. फाइल वाचताना मात्र तो हटकून पुढे येतो, कारण फाइल भाषेच्या मालकीची नसते. ती टेपवर किंवा डिस्कवर असते, तिचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते, आणि ओळ कोठे तुटते, आकडा किती जागा व्यापतो, फाइल कोठे संपते या साध्या दिसणाऱ्या प्रश्नांची उत्तरे त्या त्या यंत्राच्या रिवाजावर अवलंबून असतात.

मुंबईत या फरकाला दोन पिढ्यांचा इतिहास आहे. पहिल्या पिढीने तो ओळखून त्यावर उपजीविका केली. दुसऱ्या पिढीला, म्हणजे अंधेरीपासून कांदिवली-बोरिवलीपर्यंतच्या महाविद्यालयांत आणि खासगी क्लासांत सी भाषा शिकलेल्या पिढीला, तो फरक असतो हेच बराच काळ कोणी सांगितले नाही. एकाच शहरात, एकाच रेल्वेमार्गाच्या आसपास, हे ज्ञान व्यवसायात जिवंत असताना वर्गात अनुपस्थित राहिले, ही या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब आहे.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली तिने सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात बरोज या अमेरिकी संगणक कंपनीची कामे घेण्यास आरंभ केला. या कामांपैकी अगदी सुरुवातीचे काम होते रुग्णालयांच्या हिशेबाच्या एका प्रोग्रामसंचाचे. तो संच बरोजच्या मध्यम श्रेणीच्या यंत्रांवरील कोबोल भाषेत लिहिलेला होता आणि तो त्याच कंपनीच्या लहान श्रेणीच्या यंत्रांवरील कोबोलमध्ये उतरवायचा होता. भाषा तीच, कंपनीही तीच, तरीही रूपांतराची गरज पडावी, यातच या विषयाचे मर्म आहे. बरोजची मध्यम श्रेणीची यंत्रे दशमान अंकांच्या हिशेबाने स्मृतीतील जागा मोजत, तर लहान श्रेणीची यंत्रे एकेका बिटपर्यंत जागा मोजू शकत. त्यामुळे आकडे साठविण्याची आणि नोंदींची लांबी ठरविण्याची रीत दोन्हीकडे सारखी राहणे शक्य नव्हते.

कोबोल ही १९५९-६० मध्ये व्यापारी हिशेबासाठी घडविलेली भाषा. तिच्या प्रत्येक प्रोग्रामचे चार विभाग पडतात आणि त्यांपैकी ‘एन्व्हायर्न्मेंट डिव्हिजन’ या विभागात प्रोग्रामला लागणारी प्रत्येक फाइल कोणत्या उपकरणावर आहे ते सांगावे लागते. हे सांगताना वापरायची उपकरणांची नावे प्रमाण दस्तऐवजाने जाणूनबुजून यंत्रनिर्मात्यावर सोपविलेली होती. म्हणजे यंत्रायंत्रांत फरक पडणार हे भाषेच्या कर्त्यांनी आधीच मान्य केले होते आणि त्या फरकासाठी एक राखीव जागा ठेवली होती. मुंबईत हे रूपांतर बरोजच्या यंत्रावर सुरू झाले नाही, कारण ते यंत्र अजून यायचे होते. ते झाले आयसीएल १९०३ या ब्रिटिश यंत्रावर, ज्याचा शब्द २४ बिटांचा आणि अक्षर ६ बिटांचे असे. ज्या यंत्राचे अक्षर ८ बिटांचे त्या यंत्रासाठीचा मजकूर ६ बिटी अक्षरांच्या यंत्रावर घडवून द्यायचा, यासाठी दोन्हीकडचे रिवाज तंतोतंत माहीत असावे लागत. बरोज बी १७२८ हे यंत्र १९७४ मध्ये आयात झाले. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्राची स्थापना १९७३ ची, आणि पुढे टाटा-बरोज ही संयुक्त कंपनी तेथेच वाढली. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीचा उगम सांगताना स्वस्त मनुष्यबळाचा उल्लेख नेहमी होतो. परंतु जे मनुष्यबळ विकले गेले त्याचे कौशल्य नेमके कशात होते हे पाहिले, तर एकाच भाषेच्या दोन अंमलबजावण्यांतील भेद जाणण्यात ते होते, असे म्हणावे लागते.

सी भाषेची वाट वेगळी होती. डेनिस रिची यांनी ती बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७२ च्या सुमारास युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोबतीने घडविली, आणि युनिक्समध्ये फाइल म्हणजे एकामागून एक येणाऱ्या बाइटांची सलग मालिका, याहून अधिक काही नाही, असे केन टॉम्पसन आणि रिची यांनी ठरवून टाकले होते. ओळीचा शेवट एका बाइटाने दाखवायचा, ज्याचे मूल्य १०. फाइलचा शेवट कोणत्याही खुणेने दाखवायचा नाही, कारण फाइलची लांबी ऑपरेटिंग सिस्टिमला ठाऊक असतेच. या साधेपणामुळे सी भाषेतील फाइलवाचनाची फलने, म्हणजे ठरावीक काम करून देणारे तयार प्रोग्रामखंड, अतिशय आटोपशीर राहिली.

घरगुती आणि कार्यालयीन संगणकांची परंपरा मात्र दुसरीकडून आली. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइलची लांबी बाइटांत नव्हे, तर १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजली जाई. शेवटचा ठोकळा अर्धाच भरला असेल तर खरा मजकूर कोठे संपला ते कळण्यासाठी २६ मूल्याचा एक बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड, लिहून ठेवावा लागे. ओळीच्या शेवटी, टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आल्याप्रमाणे, दोन बाइट असत: मुद्रणशीर्ष ओळीच्या आरंभी नेणारा १३ आणि कागद एक ओळ वर सरकविणारा १०. १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसला फाइलची नेमकी लांबी बाइटांत ठाऊक होती, म्हणजे कंट्रोल-झेडची गरज उरली नव्हती. तरीही जुने प्रोग्राम चालावेत म्हणून रिवाज टिकला. नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासात ‘कॉपी कॉन’ ही आज्ञा देऊन फाइल टंकलेली आणि एफ-६ दाबून ती संपविलेली ज्यांना आठवते, त्यांनी हीच खूण वापरलेली होती.

सी भाषा डॉसवर आली तेव्हा या दोन परंपरा समोरासमोर उभ्या ठाकल्या. तडजोड अशी निघाली की फाइल उघडतानाच प्रोग्रामने सांगावे: ही मजकुराची फाइल आहे की द्विमान, म्हणजे कच्च्या बाइटांची. मजकूर म्हणून उघडली तर वाचताना १३ आणि १० ही जोडी एका १० मध्ये बदलली जाई, लिहिताना उलट होई, आणि २६ दिसताच फाइल संपली असे मानले जाई. द्विमान म्हणून उघडली तर बाइट जसेच्या तसे हाती येत. युनिक्सवर या दोन प्रकारांत काहीच अंतर नव्हते. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणाने ही तडजोड नियमात बसविली, आणि मजकुराच्या फाइलबद्दल अत्यंत सावध आश्वासन दिले: छापता येणारी अक्षरे, टॅब आणि नव्या ओळीची खूण एवढाच मजकूर असेल, ओळीच्या शेवटी रिकामी जागा सोडलेली नसेल आणि शेवटची ओळ पूर्ण केलेली असेल, तरच लिहिलेले परत जसेच्या तसे वाचता येईल. त्यापलीकडची हमी प्रमाण देत नाही. हा दस्तऐवज इतक्या काळजीने लिहिला गेला आहे की तो वर्गात वाचून दाखविला जायला हवा होता.

वर्गात पोहोचला तो टर्बो सी. बोरलँड कंपनीने तो १९८७ मध्ये बाजारात आणला आणि १९९० मध्ये त्याची टर्बो सी++ ही पुढची आवृत्ती काढली. निळ्या पडद्यावर लिहिणे, तपासणे आणि चालविणे एकाच ठिकाणी, तेही ६४० किलोबाइटांच्या स्मृतीत, ही त्या काळी मोठीच सोय होती. कंपायलर फ्लॉपीवरून सहज फिरे, आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ सारख्या पुस्तकांनी तो घराघरांत नेला. जुहूच्या एनसीएसटीसारख्या संस्थेत युनिक्स शिकायला मिळे, पण तेथवर पोहोचणारे थोडे. बाकीच्यांसाठी सी म्हणजे टर्बो सी, हे समीकरण पक्के झाले.

कांदिवली हे या समीकरणाचे प्रातिनिधिक स्थळ मानता येईल. मालाड आणि बोरिवली यांच्यामधील या उपनगरात पूर्वेला ट्रॅक्टरचा कारखाना, पश्चिमेला चारकोपची म्हाडा वसाहत, अशा कामगार आणि मध्यमवर्गीय वस्तीवर नव्वदनंतर ठाकूर व्हिलेजसारखी नवी संकुले चढली. २००१ मध्ये तेथे ठाकूर अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी एमएस-सीआयटी हा राज्यभराचा संगणक-साक्षरता अभ्यासक्रमही आला. अभियांत्रिकी, विज्ञान शाखेचा आयटी, बारावीचा बायफोकल संगणक विषय, या सर्वांच्या जोडीला गल्लोगल्ली क्लास निघाले. मुंबईच्या उपनगरांतील अशा अभ्यासक्रमांच्या जर्नलमध्ये एक प्रॅक्टिकल ठरलेले असे: विद्यार्थ्यांची नावे, हजेरी क्रमांक आणि टक्केवारी फाइलमध्ये साठवून परत वाचून दाखवा.

हे प्रॅक्टिकल जवळून पाहण्यासारखे आहे. एका विद्यार्थ्याची नोंद म्हणजे २५ अक्षरांचे नाव, एक पूर्णांक आणि एक दशांश संख्या. टर्बो सीमध्ये पूर्णांकाला २ बाइट आणि दशांश संख्येला ४ बाइट लागतात, घटक एकमेकांना चिकटून ठेवले जातात, म्हणून नोंद ३१ बाइटांची. फाइल मजकूर म्हणून उघडलेली असली, म्हणजे ‘आरबी’ ऐवजी नुसते ‘आर’ लिहिले असले, तर सव्विसावा विद्यार्थी दिसतच नाही, कारण २६ हा हजेरी क्रमांक कच्च्या बाइटांत लिहिला की पहिला बाइट नेमका कंट्रोल-झेडचा असतो आणि कंपायलरच्या मते फाइल तेथे संपते. लिहिताना मजकूर-पद्धत आणि वाचताना द्विमान पद्धत वापरली तर घोटाळा दहाव्या विद्यार्थ्यापाशी होतो. १० या बाइटाच्या आधी १३ घुसतो आणि पुढची प्रत्येक नोंद एका बाइटाने सरकते. वर्गात दहापेक्षा कमी नोंदी घालून आउटपुट दाखविले जाई, टक्केवारीच्या चार बाइटांत योगायोगाने असा बाइट आला नाही तर सर्व काही ठीक दिसे, आणि जर्नलवर सही होई. दोष प्रोग्राममध्ये होता, पण तो उघड करण्याइतकी मोठी फाइल प्रयोगशाळेत कोणी बनवीत नसे.

तीच फाइल लिनक्सवरील जीसीसी या कंपायलरने वाचायला घेतली की दुसरे नाटक घडे. जीसीसीत पूर्णांक ४ बाइटांचा. शिवाय तो चारने भाग जाणाऱ्या जागेवर सुरू व्हावा म्हणून नावानंतर ३ बाइट रिकामे सोडले जातात, आणि नोंद ३६ बाइटांची होते. टर्बो सीने लिहिलेली चाळीस विद्यार्थ्यांची फाइल १२४० बाइटांची. तिच्यात ३६ बाइटांच्या पूर्ण नोंदी चौतीसच बसतात. पहिल्या विद्यार्थ्याचे नाव अचूक उमटते, त्याचा हजेरी क्रमांक मात्र टक्केवारीचे तीन बाइट आणि पुढच्या नावाचे पहिले अक्षर मिळून बनतो; दुसऱ्या नावाची पहिली पाच अक्षरे जातात, तिसऱ्याची दहा. भाषा तीच, प्रोग्राम अक्षरशः तोच, फाइलही तीच. सीप्झमधील कोबोलच्या जाणकाराला ही गोष्ट पाहताक्षणी कळली असती, कारण नोंदीची लांबी आणि आकड्यांची मांडणी तपासणे हा त्याच्या कामाचा पहिलाच भाग असे. सी शिकलेल्या विद्यार्थ्याला मात्र ती कंपायलरची लहर वाटे.

सवयींचे असे आणखी नमुने सांगता येतील. कीबोर्डवरून आधी संख्या आणि मग नाव वाचताना मध्ये उरलेली नव्या ओळीची खूण झटकण्यासाठी ‘एफफ्लश’ हे फलन वापरण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र पसरली. प्रमाणाने त्या फलनाचा अर्थ फक्त लिहिण्याच्या प्रवाहासाठी सांगितला आहे. टर्बो सीने तो वाचण्याच्या प्रवाहालाही लागू केला, लिनक्सवर कीबोर्डच्या बाबतीत त्याने काहीच घडले नाही, आणि नाव न विचारताच प्रोग्राम पुढे जाऊ लागला. सी++ मध्येही, वाचन-लेखन दोन्हींसाठी उघडलेली फाइल अस्तित्वात नसेल तर ती नव्याने तयार करण्याची जुनी रीत होती आणि तसे नको असल्यास वेगळी खूण द्यावी लागे; १९९८ च्या प्रमाणाने ती खूणच काढून टाकली आणि नसलेली फाइल उघडणे अयशस्वी ठरविले. जर्नलमधील प्रोग्राम नोकरीच्या पहिल्या आठवड्यात न चालण्याची कारणे बहुधा अशीच असत.

चौसष्ट बिटी विंडोजचा प्रसार झाल्यावर सोळा बिटी प्रोग्राम चालेनासे झाले, तेव्हा टर्बो सी बंद पडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात डॉसबॉक्स हा डॉसचा आभास निर्माण करणारा प्रोग्राम मदतीस घेऊन तो टिकविण्यात आला. फाइलवाचनाच्या दृष्टीने त्यात एक नवी गुंतागुंत आली: विद्यार्थ्याने खऱ्या सी ड्राइव्हवर ठेवलेली फाइल डॉसबॉक्समधील सी ड्राइव्हवर नसे, आणि लांब नावाची फाइल आठ अक्षरांत आवळून, लाटेच्या चिन्हासह, वेगळ्याच नावाने दिसे. अभ्यासक्रम बदलत नाही म्हणून कंपायलर टिकविणे समजण्यासारखे आहे; पण त्या कंपायलरचे विशेष हे भाषेचे नियम म्हणून शिकवीत राहणे ही शिक्षणातील गंभीर उणीव होती, आणि तिचा भार विद्यार्थ्यांनीच वाहिला.

मराठी मजकुराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक खोल जातो. सी भाषेत अक्षरासाठी असलेला ‘कॅर’ हा प्रकार धन-ऋण मानायचा की केवळ धन, हे प्रमाणाने कंपायलरवर सोडले आहे. टर्बो सीने तो धन-ऋण मानला, म्हणजे १२७ च्या वरचे बाइट ऋण झाले. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या इस्की संकेतावलीत देवनागरी अक्षरे नेमकी त्याच वरच्या भागात आहेत. ‘क’ चा संकेत १७९, तो टर्बो सीत वाचला की उणे ७७ होई, आणि अक्षर कोणत्या वर्गाचे हे तक्त्यात पाहणाऱ्या फलनांना ऋण आकडा मिळाल्यावर ती तक्त्याबाहेर जात. जे मराठी फाँट अक्षरखुणांसाठी २५५ पर्यंतच्या सर्व जागा वापरीत, त्यांच्या फाइलींत याहून वाईट प्रकार घडे: बाइट थेट ‘कॅर’ मध्ये घेणाऱ्या प्रोग्रामला २५५ हा बाइट उणे एक दिसे, आणि उणे एक ही तर वाचन संपल्याची सांकेतिक खूण. मजकुराच्या मधोमध एखादी अक्षरखूण आली की प्रोग्राम शांतपणे थांबे. याउलट एआरएम जातीच्या यंत्रांवर, जेथे ‘कॅर’ सहसा धन मानतात, तोच प्रोग्राम फाइल संपली तरी थांबत नाही. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला यांतील पहिला दोष आयुष्यभर दिसला नसता.

गेल्या दशकात अनेक अभ्यासक्रमांत सीच्या जोडीला पायथॉन आला. २००८ च्या पायथॉन ३ पासून या भाषेत मजकुराची फाइल म्हणजे बाइट नव्हेत तर युनिकोड अक्षरे, अशी स्पष्ट विभागणी आहे. परंतु बाइटांपासून अक्षरे कोणत्या संकेतावलीने बनवायची हे प्रोग्रामने सांगितले नाही, तर पायथॉन ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. लिनक्सवर उत्तर यूटीएफ-८ येते. इंग्रजी (भारत) अशी मांडणी असलेल्या विंडोजवर विंडोज-१२५२ ही पश्चिम युरोपीय संकेतावली येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून ‘कांदिवली’ एवढा एकच शब्द असलेली फाइल २४ बाइटांची होते. विंडोज-१२५२ मध्ये त्या चोवीसही बाइटांना काही ना काही अर्थ आहे, त्यामुळे प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता चोवीस निरर्थक युरोपीय चिन्हे हाती देतो. ‘मुंबई’ या शब्दात मात्र ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे, त्या संकेतावलीत १२९ ची जागा रिकामी आहे, आणि प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. हलन्त चिन्हाचा शेवटचा बाइट १४१, तोही रिकाम्या जागेचा. म्हणून जोडाक्षर असलेला जवळजवळ कोणताही मराठी मजकूर विंडोजवर असा अडतो आणि लिनक्सवर सुरळीत वाचला जातो. फाइल उघडतानाच यूटीएफ-८ असे लिहून दिले की दोन्हीकडे उत्तर एकच येते. पायथॉनच्या विकासकांनीही पुढील आवृत्त्यांत न विचारता यूटीएफ-८ च धरावे असा ठराव स्वीकारला आहे. मात्र जुन्या आवृत्त्या विंडोजच्या यंत्रांवर वर्षानुवर्षे राहणार असल्यामुळे, मराठी फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला हा उल्लेख तोवर स्वतःच करावा लागेल.